करडईचं तेल आणि बर्फातले जीवाणू

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, शेजारच्या काकू विचारत होत्या, तुमची पोरगी बर्फातले जंतू जिवंत करते म्हणे, साथबिथ आली म्हणजे? मागून बाबा "पोट भरतं का त्यानं, ते विचार" म्हणाले, तेही ऐकू आलं. फोनवर मला धड सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

काकूंना सांग, घाबरू नका. माझे जीवाणू अंटार्क्टिकातल्या शिर्माकर ओअॅसिसच्या मातीतले, म्हणजे आपलं मैत्री स्थानक आहे तिथले. त्यांना 4 अंशांच्या थंड खोलीत वाढवावं लागतं. माणसाच्या अंगातल्या 37 अंशांत ते वाढतच नाहीत. सोलापूरच्या मे महिन्याचं तर नावच नको.

ते गोठून मरत कसे नाहीत, हा माझा विषय. आई, डिसेंबरात आपलं खोबरेल बाटलीत थिजतं, पण घाण्यावरचं करडईचं तेल तसंच पातळ राहतं ना? करडईच्या तेलातल्या रेणूंच्या साखळ्या मधेच वाकलेल्या असतात, त्या एकमेकींना चिकटून नीट रचल्या जात नाहीत, म्हणून तेल थिजत नाही. जीवाणूच्या पेशीभोवतीचा पडदाही स्निग्ध पदार्थाचाच. थंडी वाढली की हे जीवाणू त्या साखळ्यांना वाक देणारं एन्झाइम कामाला लावतात. सायबेरियाच्या कायम गोठलेल्या जमिनीतला सायक्रोबॅक्टर आर्क्टिकस तर उणे 10 अंशांतही वाढतो!

या सगळ्याची कृती त्यांच्या डीएनएत लिहिलेली असते. आर्क्टिक समुद्राच्या तळगाळातल्या कॉल्वेलिया नावाच्या जीवाणूचा जिनोम, म्हणजे डीएनएतला सगळा मजकूर, 2005 साली वाचून झाला; सुमारे 54 लाख अक्षरं. माणसाची 300 कोटींच्या पुढे, त्या मानानं हे काहीच नाही. पण मशीन सगळं सलग वाचून देत नाही, छोटे छोटे तुकडे देतं. ते कॉम्प्युटरवर जुळवायचे, मग कुठला जीन काय करतो ते ओळखायचं. बऱ्याच जीन्सपुढे नुसतं 'हायपोथेटिकल प्रोटीन' येतं. म्हणजे प्रोटीन असावं, काम माहीत नाही. मला खरी गोडी त्यांचीच.

बाबा, आता पोटाचं. थंडीत काम करणारी एन्झाइम्स कपड्यांच्या पावडरीत घालतात, पाणी न तापवता डाग निघतात. उपयोग आहे. पण खरं सांगू का, मी त्यासाठी करत नाही. इथे हैदराबादेतच सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेतल्या लोकांनी शिर्माकरच्या मातीतून स्फिंगोबॅक्टेरियमची एक नवी जात शोधली आणि 1992 मध्ये जगापुढे मांडली. सोलापूरहून रेल्वेनं काही तासांवर हे घडलं होतं, आणि बारावीपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्या एका जीवाणूत त्या वाक देणाऱ्या एन्झाइमच्या जीनला लागूनच असा एक बिनओळखीचा जीन सापडलाय. शेजार योगायोगाचा असेल किंवा नसेल. तो बंद करून जीवाणू थंडीत तगतो का, ते बघायचंय. म्हणून बाबा, तुम्ही कात्रण काढून ठेवलेल्या कॉलेजातल्या जागेसाठी मी यंदा अर्ज करणार नाही. रागावू नका. फेलोशिप चालू आहे, भाडं आणि मेस निघते.

मे महिन्यात तुम्हीच दोघं इकडे या. येताना शेंगाचटणी आणा, इथली नुसती तिखट लागते. आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्या वरच्या कप्प्यात ठेव, नाहीतर विसरतात.

तुमची,
धाकटी