मामा, मागं बघ!

पुणे, १९ एप्रिल

प्रिय बंड्या,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू "गिऱ्हाईक आलं रे" म्हणून मध्येच ठेवून दिला असतास. म्हणून लिहितोय. चहा घेऊन बस, कारण गोष्ट लांबलचक आहे आणि शेवटी तुझ्याकडे एक काम आहे.

आमच्या आईच्या माहेरचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सुप्रभात, फुलं, कोणाचं तरी गुडघ्याचं ऑपरेशन, असला सगळा कारभार. डिसेंबरात एके दिवशी त्यात मेसेज आला, "पुण्यात कोणी एज ऑफ एम्पायर्स खेळतं का?" आपला तो गावं वसवायचा आणि लढाया मारायचा कॉम्प्युटर गेम. लिहिणारे नानामामा. वय एकाहत्तर, मुक्काम न्यू जर्सी. नातं विचारशील तर आईच्या मावशीच्या दिराचा मुलगा. म्हणजे रक्ताचं काही नाही, पण आई त्यांना लहानपणापासून दादा म्हणते, म्हणून ते माझे मामा. मी त्यांना आयुष्यात दोनदा भेटलोय. एकदा माझ्या मुंजीत, आणि एकदा कोणाच्या तरी लग्नात, तेव्हा त्यांनी मला माझा धाकटा भाऊ समजून चौकशी केली होती.

त्या मेसेजला एका मावशीनं हात जोडल्याचं चित्र टाकलं, दुसरीनं "अभिनंदन दादा" लिहिलं. मी बाजूला लिहिलं, "मामा, मी खेळायचो. २००१ मध्ये. तुम्ही कोणतं खेळता?" दोन मिनिटांत उत्तर आलं. नातवानं उन्हाळ्यात येऊन दुसरा भाग लावून दिला होता, १९९९चाच, पण २०१९ साली नवं रूप देऊन काढलेला. नातू कॉलेजला गेला आणि मामा एकटेच कॉम्प्युटरशी खेळत बसले. मामी जाऊन दोन वर्षं झालीत, तेवढंच त्यांनी एका ओळीत लिहिलं होतं आणि पुढच्या ओळीत लगेच विचारलं होतं की तुझ्या मशीनला रॅम किती.

बंड्या, मला वाटलं होतं की म्हाताऱ्या माणसाला फोनवरून "आता डावीकडचं बटण दाबा" असं शिकवावं लागणार. मी त्या तयारीतच होतो, आवाजही जरा मोठा लावला होता. पण या माणसानं पंच कार्डावर फोरट्रानचे प्रोग्रॅम लिहिलेत. उलट माझंच खातं उघडेना. मल्टिप्लेअरला खातं लागतं आणि माझं कॉलेजच्या वेळचं जुनं खातं ज्या मोबाइल नंबरला जोडलं होतं तो नंबर बंद होऊन दहा वर्षं झाली. मग नवं खातं काढलं. मग डिस्क भरलेली. मुलीच्या बारशाचे व्हिडिओ, कोणाकोणाची लग्नं. मग डाउनलोड, मग अपडेट. कारण दोघांकडे अगदी तीच आवृत्ती असल्याशिवाय लॉबीत, म्हणजे गेम सुरू व्हायच्या आधी खेळणारे जमतात तिथं, एकमेकांना घेताच येत नाही. हे सगळं होईपर्यंत जानेवारी उजाडला. मामा तिकडे बर्फ उपसून यायचे आणि विचारायचे, "झालं का रे तुझं?"

वेळ ठरली रविवारी सकाळी साडेसात. तिकडे शनिवारचे रात्रीचे नऊ. पहिल्या रविवारी दोघे लॉबीत शिरलो, गेम चालू झाली, माझी माणसं लाकूड तोडायला निघाली आणि थिजली. पुन्हा हलली, पुन्हा थिजली. गोगलगाय बरी. मी म्हटलं, "मामा, तुमच्याकडे बर्फामुळे काही…" ते काही बोलले नाहीत. मी म्हटलं, "नाहीतर आमचा इंटरनेटवालाच गंडलेला असणार." तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला, "शुअर, ब्लेम इट ऑन युअर आयएसपी!"

आठवतं? चॅटमध्ये तेरा टाइप केलं की येणारा टोमणा. सायबर कॅफेत तू अकरा दाबून ते खदाखदा हसणं लावायचास आणि मालक ओरडायचा. मामांना सगळे टोमणे नंबरानं पाठ आहेत.

तीन रविवार असेच गेले. इंटरनेटवाल्या पोराला दोनदा बोलावलं, त्यानं मीटर लावून दाखवला, लाइन चोख. मी मनातून अजून न्यू जर्सीलाच दोष देत होतो. शेवटी मामांनी मला समजावलं, आणि ते इतकं छान समजावलं की तुला जसंच्या तसं सांगतो.

"तुला काय वाटतं," म्हणाले, "माझ्या घोड्यांचं चित्र इकडून तिकडे येतं? तसं नाही. मी कॉलेजात असताना सांगलीच्या एका मास्तरांशी टपालानं बुद्धिबळ खेळायचो. पट माझ्या घरी एक, त्यांच्या घरी एक. कार्डावर जायची फक्त खेळी. मी माझ्या पटावर हलवायचो, ते त्यांच्या. इथंही तेच. तुझ्या मशीनवर पूर्ण लढाई चालते, माझ्याही मशीनवर पूर्ण लढाई चालते, तारेतून जातात ते फक्त हुकूम. हा घोडा तिकडे, ते घर इथं. म्हणून तर त्या काळात २८.८ किलोबिटच्या मोडेमवर शेकडो धनुर्धारी लढायचे."

पण मग, म्हणाले, दोन्ही पट एका पावलानं चालले पाहिजेत. तुझी खेळी पोचल्याशिवाय माझा पट पुढे सरकत नाही. जो सर्वांत हळू, त्याच्या चालीनं सगळे. आणि एखाद्या पटावर एक प्यादं जरी चुकीच्या घरात गेलं तरी पुढे दोघे दोन वेगळे डाव खेळत बसतात. त्यालाच गेम "आउट ऑफ सिंक" म्हणते आणि डाव मोडते. सांगलीच्या मास्तरांशी त्यांचं एकदा असंच झालं होतं. चार महिने दोघे वेगवेगळे डाव खेळत होते आणि दोघांनाही आपण जिंकतोय असं वाटत होतं.

अंतराचं काय, मी विचारलं. पुणे ते न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन सव्वाशे मिलिसेकंद तर देवालाही चुकत नाहीत. तारा समुद्रातून वळसे घालत जातात म्हणून प्रत्यक्षात दुपटीच्या जवळपास. पण गेम बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय की पाव सेकंदाचा उशीर खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. हाताला त्याची सवय होते. त्रास होतो तो उशीर कमी-जास्त होत राहिला की. "तुझा आकडा बघ," म्हणाले. लॉबीत माझ्या नावापुढे कधी दोनशे तीस, कधी नऊशे. "उशिराचं काही नाही रे. तुझा भरवसा नाही."

दोष माझ्या वायफायचा होता. राऊटर हॉलमध्ये देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात, मी आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि फ्रिज. शनिवारी बुधवार पेठेत गेलो, पासोड्या विठोबापाशी, आणि पंधरा मीटर केबल आणली. दुकानदारानं "कशाला पाहिजे?" विचारलं, मी खरं सांगितलं, तर म्हणाला, मग वीस न्या, पंधरा पुरत नाही. मी पुणेरी, पंधराच घेतली. पुरली नाही. रविवारी सकाळी टेबलच दाराजवळ ओढलं. केबल आता दारावरच्या तोरणावरून जाते आणि बायको पाहुण्यांना सांगते की ते लाइटिंगचं आहे.

त्या दिवसापासून गेम तुपासारखी चालते.

दोघे मिळून कॉम्प्युटरविरुद्ध. आपल्या वेळी भारतीय कोणी नव्हतेच, आपण ब्रिटन घ्यायचो, लांबून बाण मारता येतात म्हणून. आता आहेत. २०२२ मध्ये बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले, आधीच्या "इंडियन्स"चं नाव हिंदुस्तानी झालं. मराठे नाहीत, उगाच शोधू नकोस, मी दोनदा यादी बघितली. मामा नेहमी गुर्जर घेतात. मला वाटलं उंटांसाठी. तर नाही. गुर्जरांच्या मेंढ्या गिरणीत बांधून ठेवल्या की तिथूनच अन्न मिळत राहतं, कापाव्या लागत नाहीत. सत्तेचाळीस वर्षं अमेरिकेत राहून या माणसानं अंडं खाल्लं नाही, तो गेममध्ये तरी कशाला मेंढी मारेल! रानडुकराच्या मागं मात्र मला पाठवतात.

आता जे सांगायला एवढं लिहिलं ते. मी मामांना अहो-जाहो करतो, साहजिक आहे. सख्ख्या मामाला आपण अरे-तुरे करतो, पण हे दूरचे, मोठे, अमेरिकेतले. "मामा, तुम्ही जरा दगड पाठवता का?" असं माझं चालायचं. लढाईत हे फार लांब पडतं रे. फेब्रुवारीत एकदा त्यांचं सगळं सैन्य पुढं गेलेलं आणि नकाशावरच्या न दिसणाऱ्या भागातल्या धुक्यातून बंगाली हत्ती निघाले, थेट त्यांच्या गिरणीकडे. माझ्या तोंडून गेलं, "मामा, मागं बघ! अरे मागं बघ ना, हत्ती! पळव त्या बायकांना!"

पलीकडे शांत. मग, "बघतोय रे, बघतोय."

गिरणी गेली, मेंढ्या गेल्या, डाव कसाबसा वाचला. संपल्यावर मी भानावर आलो आणि म्हटलं, "मामा, तुम्ही मघाशी घोडे वेळेवर आणलेत म्हणून बरं." ते हेडफोन काढतायत असा खरखर आवाज आला. काढता काढता म्हणाले, "ते आधीचंच बरं होतं."

तेव्हापासून अरे-तुरे. आईला अजून कळलेलं नाही. ग्रुपवर मी अजूनही "मामा, तुम्हाला वाढदिवसाच्या शुभेच्छा" लिहितो आणि ते "आभारी आहे" लिहितात, दोघेही अगदी साळसूद.

मार्चमध्ये एक घोटाळा झाला. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण लक्षात कोण ठेवतो. पुढच्या खेपेला मामा त्यांच्या नऊला येऊन बसला, इकडे साडेसहा, मी घोरत. उठून फोन बघितला तर व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता आकडा, पाच वेळा: १४. "स्टार्ट द गेम ऑलरेडी." आता नोव्हेंबरात घड्याळं परत मागं जाईपर्यंत मी साडेसहालाच उठतो. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला दहापर्यंत जागवायचं म्हणजे नंतर त्याला झोप लागत नाही. मला काय, दूधवाला तेव्हाच येतो.

तर काम असं. मामाला तिसरा गडी पाहिजे. मी तुझं नाव सांगितलं आणि सांगताना तो २००१चा किस्साही सांगितला, की बाहेर माझे आठ घोडेस्वार पळत येत होते आणि तू फाटकाला कुलूप घातलंस, आणि मी वीस रुपये मालकाच्या टेबलावर आपटून निघून गेलो, आणि आपण त्यावरून पंधरा दिवस बोललो नाही. मामा म्हणाला, "आण त्याला. भिंती बांधणारा लागतोच."

डाउनलोड मोठं आहे, शुक्रवारी रात्रीच लावून ठेव. तुझ्या दुकानातला कॉम्प्युटर नको, घरचा. केबल वीस मीटर घे. रविवारी साडेसहा, लॉबीचं नाव "गिरणी", पासवर्ड आपल्या कॅफेमालकाचं टोपणनाव.

आणि फाटक उघडं ठेव.

तुझा,
पक्या