काका, शाल-श्रीफळ नको म्हणालात, म्हणून हे पत्र

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

वार्षिक साधारण सभेत तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं कमिटीने ठरवलं, तर आदल्या दिवशी फोन करून तुम्ही "मग मी येतच नाही" अशी धमकी दिलीत. आलात, मागच्या रांगेत बसलात, ताळेबंदावर नेमके अडचणीचे दोन प्रश्न विचारलेत आणि पेढा-चिवडा घेऊन निघून गेलात. आभार राहूनच गेले. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे. नाव घालू नको म्हणालात, नाही घातलं. पण दांडिया बाजारात ज्यांना ओळखायचं ते ओळखणारच, त्याला माझा इलाज नाही.

आमचे सभासद नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. आमची वडोदऱ्यातली एक छोटी क्रेडिट सोसायटी, बोलताना आम्ही सगळे 'मंडळी'च म्हणतो. सभासद बहुतेक नोकरदार आणि पेन्शनर, मराठी आणि गुजराती दोन्ही. दरमहा सक्तीची बचत, दोन जामीनदारांवर कर्ज, वर्षाला लाभांश. मी तिथली व्यवस्थापक. काका एका मोठ्या बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालेले, आमचे जुने सभासद.

त्या दिवशी तुम्ही ठेवीची पावती नवी करून घ्यायला आला होतात आणि मी सुरतेला फोन लावत होते. मंडळीचं ई-मेल खातं आमच्या निवृत्त कारकुनांनी कधीकाळी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडलेलं. माणूस सोन्यासारखा, पण आता सुरतेला मुलीकडे राहतो. खात्याने ओटीपी मागितला की मी फोन करायचा, त्यांनी चष्मा शोधायचा, आकडे वाचायचे, तोवर ओटीपीची मुदत संपलेली. दुपारी त्यांची वामकुक्षी, म्हणजे तेवढा वेळ मंडळीचं ई-मेल बंद. तुम्ही काउंटरपलीकडून विचारलंत, "हे खातं कोणाचं?" मी म्हटलं, मंडळीचं. "मग ओटीपी सुरतेहून का येतो?"

या एका प्रश्नातून काय काय निघालं! कर्जाच्या अर्जांबरोबरची आधार कार्डं आणि पगाराच्या स्लिपा कर्मचाऱ्यांच्या खासगी व्हॉट्सअ‍ॅपवर, लग्नाच्या फोटोंच्या शेजारी. वसुलीची एक्सेल शीट तीन कॉम्प्युटरवर तीन तऱ्हेची. जुन्या ठरावांचे मसुदे एका माजी मानद मंत्र्यांच्या (म्हणजे मंडळीच्या सचिवांच्या) घरच्या लॅपटॉपमध्ये. कोणी काही लंपास केलं नव्हतं. पण मंडळीचं म्हणावं असं मंडळीकडे फारसं काही नव्हतं.

कमिटीच्या बैठकीत तुम्ही गूगल वर्कस्पेस आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ या ई-मेल आणि फायलींच्या विकतच्या सेवा दोन्ही मांडल्यात आणि म्हणालात की आपल्या कामापुरतं दोन्हीत सगळं आहे, तुमच्या लोकांना ज्याची सवय असेल ते घ्या. सवय जीमेलची, म्हणून वर्कस्पेस ठरलं. एवढ्यावर भागलं असतं, पण दरमाणशी दरमहा पैसे भरायचे म्हटल्यावर एक कमिटी मेंबर उसळले, "फुकटचं जीमेल छे ने, चालशे!" तुमचं उत्तर मी इतिवृत्तात लिहून घेतलं आहे: "फुकटच्या खात्याचा मालक म्हणजे ते उघडणारा माणूस. विकत घेतलेल्यात मालक मंडळी, आणि माणूस येतो-जातो." त्यांनीच पुढे ठरावाला अनुमोदन दिलं. (आता तेच सगळ्यात जास्त फॉर्वर्ड पाठवतात, ते सोडा.)

"पण हे आपल्याला लागू आहे का?" हा प्रश्न मी विचारला होता, कारण ऑडिटरने असलं काही कधी मागितलं नव्हतं. तुम्ही सरळ सांगितलंत, नाही. आपण बँक नाही. आपली नोंदणी १९६१ च्या गुजरात सहकारी संस्था कायद्याखाली. रिझर्व्ह बँकेचं ३१ डिसेंबर २०१९ चं सायबर सुरक्षेचं परिपत्रक नागरी सहकारी बँकांसाठी आहे, त्यात बँकांच्या चार पायऱ्या केल्या आहेत. मग पिशवीतून त्याच परिपत्रकाची मोठ्या अक्षरांतली प्रत काढलीत. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या बँकेनेसुद्धा काय करायला हवं, ते लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेलं होतं: ई-मेलला स्वतःचं डोमेन (पत्त्यात @ च्या पुढे आपलंच नाव), आपल्या नावाने खोटं ई-मेल कोणी धाडू नये म्हणून डीमार्क, आणि पासवर्डखेरीज दर वेळी बदलणारी दुसरी खूण.

आणि मग म्हणालात, "१८८९ साली याच गावात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य मंडळी ही सहकारी संस्था काढली. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ ला. तोवर पंधरा वर्षं ती मंडळी चालली, ती कोणाच्या परिपत्रकावर?" यावर कमिटीत कोणी बोललं नाही. मीही नाही.

डीमार्कचं काम मला सर्वात किचकट वाटलं होतं आणि तेच तुम्ही सर्वात सावकाश केलंत. आमच्या डोमेनच्या नोंदीत कोणत्या सर्व्हरला आमच्या नावाने ई-मेल पाठवायची मुभा आहे ते लिहिलंत, सहीची तांत्रिक सोय केलीत, पण 'परक्याचं ई-मेल परत पाठवा' ही सूचना लगेच घातली नाहीत. आधी नुसते अहवाल येऊ दिलेत. त्यांत दिसलं की हप्त्याच्या पावत्या पाठवणारं आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर तिसऱ्याच सर्व्हरवरून आमच्या नावाने ई-मेल धाडतं. पहिल्याच दिवशी दार लावून घेतलं असतं तर आमच्याच पावत्या परत फिरल्या असत्या. त्या सर्व्हरची नोंद केलीत, आणखी वाट पाहिलीत आणि मगच कडी घातलीत. घाई न करण्याबद्दलचे आभार फारसे कोणी मानत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

दुसऱ्या खुणेसाठी तुम्ही एसएमएसवर भरवसा ठेवला नाहीत, मोबाइलवरचं ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावायला सांगितलंत, कारण आपल्या नंबरचं नवं सिम दुसऱ्याच कोणी काढून घेतलं की ओटीपीही त्याच्याकडे जातो. पण आमच्या ज्येष्ठ कॅशियरबाईंकडे बटणांचा फोन आणि तो त्या बदलणार नाहीत. त्यांच्यासाठी तुम्ही यूएसबीला लावायची छोटी सुरक्षा-किल्ली मागवलीत. आता ती तिजोरीच्या जुडग्यात लटकते आणि बाई ती कोणाला हात लावू देत नाहीत. आमच्या ऑफिसात सर्वात सुरक्षित खातं त्यांचंच, असं तुम्ही म्हणालात तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

आधार कार्डांचा पसारा आवरायला वेळ लागला. आता सभासद कागद घेऊन काउंटरवर येतो, आम्ही तिथेच स्कॅन करून मंडळीच्या सामाईक ड्राइव्हमध्ये टाकतो आणि कर्जाचं काम पाहणाऱ्यांखेरीज तो फोल्डर कोणाला उघडत नाही. ओळखीपुरतं आधार हवं असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत घेतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंतचा दंड आहे हे मी कुठेतरी वाचून घाबरले होते. तुम्ही म्हणालात, तो आकडा मोठ्या कंपन्यांना मोजू दे, ज्या पेन्शनरचा कागद फुटेल तो उद्या सुरसागर तलावाच्या पाळीवर तुझ्याच शेजारी बसायचा आहे.

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्याच्या सर्व्हरवर, ठेवलं की सगळं सुखरूप, असं मात्र तुम्ही कधी म्हणाला नाहीत. २०२४ च्या जुलै अखेरीस छोट्या बँकांना सेवा देणाऱ्या एका तंत्रज्ञान कंपनीवर रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला झाला आणि सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार तात्पुरते तोडावे लागले. ती बातमी घेऊन तुम्ही आलात आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारायचे प्रश्न मला सांगितलेत. आमचा डेटा नेमका कुठे आहे? तुमच्याकडे तो कोण उघडू शकतं? उद्या आम्ही सोडून गेलो तर कोणत्या स्वरूपात परत द्याल? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर यायला फार वेळ लागला आणि त्यावरूनच मला बरंच कळलं. ड्राइव्हमध्ये फाइलच्या जुन्या आवृत्त्या राहतात, कचरापेटीत पुसलेली फाइल ३० दिवस सापडते, पण तो बॅकअप नव्हे, हेही तुम्हीच बजावलंत. म्हणून दर शनिवारी वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत घेतो आणि डिस्क काढून वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. तळमजल्यावरचे आमचे कॉम्प्युटर गेले, खालच्या खणातल्या फायलींचा लगदा झाला. वीज आली तशी हिशेब वरच्या डिस्कवरून घेतला, बाकीचे कागद दुसऱ्याच लॅपटॉपवर उघडले. भिजलेल्या घरांसाठी सभासदांना तातडीची कर्जं हवी होती, त्यांचे जामीनदार कोण, जुनी बाकी किती, हे सांगायला आम्हाला चिखलात हात घालावा लागला नाही.

अध्यक्षांच्या नावाने आलेल्या ई-मेलचंही लिहायला हवं. "मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, या खात्यावर आरटीजीएस करा," नाव बरोबर, पत्त्यात एक अक्षर जास्त. आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या मुलाने तुमच्या नियमाप्रमाणे वहीत लिहिलेल्या नंबरवर अध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष खंडेराव मार्केटात भाजी घेत होते. कसली मीटिंग आणि कसलं आरटीजीएस! पैसे गेले असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तातडीने फोन करायचा, हे त्या मुलाने भिंतीवर लावून ठेवलं आहे, तुमच्या सांगण्याशिवाय.

पण मला सर्वात जास्त आभार मानायचे आहेत ते वेगळ्याच गोष्टीचे. प्रशासकाची दोन खाती केलीत, रोजच्या कामाच्या खात्यांपेक्षा निराळी, एक अध्यक्षांकडे, एक मानद मंत्र्यांकडे. फोन हरवलाच तर लागणारे राखीव कोड छापून पाकिटात घातलेत. पाकिटाच्या तोंडावर दोघांच्या आडव्या सह्या, वर लाख. कमिटी बदलली की जुने कोड रद्द करून नवं पाकीट, तेही ठरावाने. मी म्हटलं होतं, एक खातं तुमच्याकडेच राहू द्या ना काका, अडलं-नडलं तर बरं. तुम्ही जवळजवळ रागावलात. "म्हणजे सुरतेच्या जागी आता माझ्या घरी फोन करणार?"

काम संपलं त्या दिवशी तुमच्याकडे आमचा एकही पासवर्ड नव्हता. पैसे घेऊन काम करणारेसुद्धा एखादी किल्ली स्वतःकडे ठेवतात, म्हणजे आपण परत त्यांच्याकडेच जातो. तुम्ही फुकट केलंत आणि आमचं तुमच्यावाचून अडणार नाही अशी तजवीज करून गेलात. मनापासून आभार, काका. कमिटीचे आणि माझेही.

ता. क. पुढच्या महिन्यात ऑडिटर येतो आहे. त्याला ताळेबंदाचा फोल्डर फक्त पाहण्यापुरता आणि मुदत घालून दिला आहे, अठ्ठावीस तारखेला आपोआप बंद होईल. कर्जाचा फोल्डरही मागतो आहे. त्याला कागद काउंटरवर बसून पाहा असं सांगायचं माझ्या मनात आहे. तुमचं काही वेगळं मत असलं तर सोमवारच्या आत कळवा. आणि ठेवीची पावती तयार आहे, ती न्यायला या.

आपली नम्र,
व्यवस्थापक