चिरंजीव शिफ्ट इनचार्ज यांस

सातारा, रविवार

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "पोरं तोंडावर 'हो सर' म्हणतात आणि करायचं तेच करतात. काही बिघडलं की सगळ्यात शेवटी मला कळतं." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी फोन ठेवला. खरं तर शिट्टीचं निमित्त झालं. काय बोलावं तेच मला सुचत नव्हतं, कारण तुझ्यासारखंच मलाही एकदा सगळ्यात शेवटी कळलं होतं. ती गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तुझ्या बाबांनाही अर्धीच माहीत आहे.

मला परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, होऊन वर्ष झालं असेल. पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, खाटा चाळीस आणि पेशंट साठ, उरलेल्यांना जमिनीवर गाद्या. माझी शिस्त कडक होती आणि तिचा मला तोरा होता. सकाळच्या ओव्हरला, म्हणजे रात्रपाळीच्या नर्स दिवसपाळीला काम सोपवतात तेव्हा, मी ट्रॉलीपाशी उभी राहिले की मुलींची कुजबुज थांबायची. त्याच आठवड्यात एकीने इनटेक-आउटपुटचा (पेशंटच्या पोटात किती पाणी गेलं, किती बाहेर पडलं त्याचा) चार्ट अर्धवट ठेवला, म्हणून मी तिला नातेवाइकांच्या देखत झापलं होतं. ती रडली, मी तिच्याकडे न बघता पुढच्या खाटेकडे गेले.

त्या दिवशी एका पेशंटला नाश्त्याआधी २४ युनिट इन्शुलिन द्यायचं होतं. वॉर्डातला साठा संपलेला, म्हणून नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून बाटली आणली. आमच्याकडे यायची ती ४० ताकदीची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. ही आणलेली बाटली १०० ताकदीची होती, तिला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. नाइटच्या मुलीने सवयीने लाल टोपणाची उचलली, २४ च्या रेघेपर्यंत भरली आणि टोचली. तू इंजिनिअर आहेस, हिशेब कर. ६० युनिट गेलं.

बाटली ट्रॉलीवर परत ठेवताना तिला आकडा दिसला. मी चार पावलांवर उभी होते. ती ओव्हर देताना "इन्शुलिन दिलं" एवढंच म्हणाली, सही केली आणि होस्टेलवर गेली.

साडेनऊला त्या पेशंटची बायको धावत आली, "सिस्टर, ह्यांना एवढा घाम का सुटलाय, बोलतायत पण काहीतरीच." शुगर पाहिली तर ३८. डॉक्टरांनी २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) दिलं, माणूस शुद्धीवर आला, मग दिवसभर सलाइन आणि तासातासाला शुगर. वाचला. अकराच्या सुमारास ती मुलगी न झोपता परत आली आणि दारातच म्हणाली, "सिस्टर, मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही समोर उभ्या होतात."

रिपोर्ट लिहिला. त्यात बाटली आली, सिरिंज आली, साठा संपल्याचंही आलं. माझं समोर उभं राहणं त्यातल्या कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

म्हणून तुझी ती पोरं 'हो सर' म्हणतात ना, तेव्हा ती तुला फसवत असतील असं मला वाटत नाही. ती तुझ्या कपाळाकडे बघत असतील. तुमच्या लाइनवर ते अँडॉन असतं म्हणालास, गडबड दिसली की कामगाराने दोरी ओढायची किंवा बटण दाबायचं. टोयोटाची ती पद्धत मला फार आवडली. पण पहिल्यांदा ज्याने ते दाबलं, त्याच्याकडे तू कसा चालत गेलास हे बाकीच्या एकतीस जणांनी पाहिलेलं असतं. "काय झालं?" हे दोनच शब्द, पण त्याचेच दोन सूर होतात, आणि तुझा वरचा सूर मला लहानपणापासून माहीत आहे. (माझ्यावरच गेलाय.)

मी काय केलं ते सांगते, त्यातलं तुला चालेल तेवढं घे. ओव्हर संपताना मी एक प्रश्न विचारायला लागले: "रात्री काय राहून गेलं?" पहिले पंधरा दिवस कोणी तोंड उघडलं नाही. मग मी माझंच सांगायला सुरुवात केली. काल इंडेंट (औषधांच्या साठ्याची मागणी) पाठवायला विसरले, आज साठा कमी पडणार, चूक माझी. तिसऱ्या आठवड्यात एकजण हळूच म्हणाली, रात्रीचं एक अँटिबायोटिक तासभर उशिरा गेलंय. मी "बरं झालं सांगितलंस" म्हणाले आणि वेळ लिहून घेतली, बस्स. आतून चिडले होते, ते घरी येऊन तुझ्या गृहपाठावर निघालं असेल.

वॉर्डातल्या मावशींनाही मी ओव्हरला थांबवू लागले. कोणाचं ताट तसंच परत गेलं, कोण रात्रभर बसून होता, हे आमच्या चार्टांपेक्षा त्यांना आधी ठाऊक असायचं. तुझ्याकडे तो झाडलोट करणारा, स्क्रॅपचे ट्रे उचलणारा हेल्पर असेल ना? रिजेक्शन किती झालं हे त्याला तुझ्या एक्सेलच्या आधी कळतं.

दुसरं, तुझी निम्मी पोरं कंत्राटी, कुणी नांदेडचा, कुणी ओडिशाचा. मान हलवली म्हणजे समजलं असं नसतं. फोनवरची तोंडी ऑर्डर आम्ही लिहून डॉक्टरांना परत वाचून दाखवायचो, फिफ्टीन आणि फिफ्टी ऐकताना सारखेच वाटतात म्हणून. तूही "समजलं का?" विचारू नकोस, त्याला "नाही" म्हणायची सोयच नसते. "मी नीट सांगितलं का बघू, तू आता काय करणार ते सांग," असं म्हण. हल्ली नर्सिंगच्या मुलींना बोलायची एक ठरावीक पद्धत शिकवतात: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून ती दवाखान्यांत आली म्हणे. रात्री तीनला घाबरलेल्या पोरीला ह्या चार पायऱ्यांचा फार आधार होतो. तुझ्या ट्रेनींनाही होईल.

व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाला रागवू नकोस. नातेवाइकांच्या देखत झापणं आणि ते एकच. शाबासकी खुशाल ग्रुपवर टाक.

आणि ड्यूटी चार्ट. दिवाळीत कोणाची नाइट लागते हे तुझ्या कुठल्याही भाषणापेक्षा लोक बारकाईने वाचतात. पहिल्या वर्षी मी स्वतःला लक्ष्मीपूजनाची ड्यूटी लावली होती. तू रुसला होतास, आठवतं? अनारसे मात्र सगळे संपवलेस.

शिस्त सोड असं मी म्हणत नाही. एकाने सेफ्टी गार्ड मुद्दाम काढून प्रेस चालवली तर त्याला तिथल्या तिथे थांबव, चारचौघांत थांबवलंस तरी चालेल. चुकणं वेगळं आणि धाब्यावर बसवणं वेगळं.

ती मुलगी पुढे माझ्याकडेच पाच वर्षं होती. नवीन आलेल्यांना ट्रॉलीवरच्या दोन टोपणांचे रंग तीच दाखवायची.

तुझी सोमवारपासून फर्स्ट शिफ्ट ना? मग सकाळचा फोन नको, तू धांदलीत असशील. मेतकूट आणि भाजणी तयार आहे, चाकणला कोण येणार आहे ते कळव. डबा परत पाठव, मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत.

तुझी
आई