मेल्समधला खांब आणि तुमच्या गावची पाटी

प्रिय संज्या,

तुझ्या मेसेजला रिप्लाय द्यायचा राहून राहून राहिला, म्हणून आता सरळ लांबलचक पत्रच लिहितोय, शिव्या घालू नकोस.

गेल्या रविवारी मेल्सला गेलो होतो. सॉमरसेटमधलं छोटंसं गाव, फ्रोमच्या जवळ. खरं तर नुसतं भटकायला गेलो होतो, पण रस्त्याच्या कडेला एक उंच दगडी खांब दिसला, वर घोडा नाही काही नाही, सेंट जॉर्ज ड्रॅगनला मारतोय, आणि खाली पहिल्या महायुद्धात मेलेल्या गावच्या पोरांची नावं. १९२१ साली उभा केलेला. डिझाइन कुणाचं माहितीये? लुटियन्सचं! म्हणजे तोच, आपल्या इंडिया गेटवाला. त्याच १९२१ मध्ये तिकडे दिल्लीत इंडिया गेटचीही पायाभरणी झाली.

मग चर्चमध्ये गेलो. आत एडवर्ड हॉर्नर नावाच्या पोराचा घोड्यावरचा ब्राँझचा पुतळा आहे, १९१७ मध्ये फ्रान्समध्ये कांब्रेच्या लढाईत मारला गेला तो. घोडा बघून मी पुढे निघालो होतो, पण चौथऱ्याच्या मागच्या बाजूला गेलो आणि थांबलोच. तिथे एक साधा लाकडी क्रूस लावलाय, फ्रान्समध्ये त्याच्या थडग्यावर जो होता तोच. पुढे दगडी थडगी आल्यावर हे जुने क्रूस घरच्यांना मागून नेता यायचे. एवढा मोठा ब्राँझचा घोडा, आणि मला आठवतंय ते मात्र ते राखाडी पडलेलं लाकूड.

ब्रिटिश सरकारने १९१५ मध्येच नियम केला होता की मृतदेह घरी आणायचे नाहीत, मग तो कुणाचाही असो. पंतप्रधान आस्क्विथचा मुलगा रेमंड, हॉर्नरचा मेहुणाच तो, १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत मारला गेला, तोही तिकडेच पुरलेला आहे, इथे चर्चमध्ये फक्त त्याच्या नावाचा लेख. म्हणून इंग्लंडमध्ये गावागावात हे दगड उभे राहिले, बहुतेक ठिकाणी गावकऱ्यांनी वर्गणी काढून. आईला फुलं ठेवायला काहीतरी हवं ना यार.

आणि मग मला तुमच्या चावडीच्या भिंतीतली ती संगमरवरी पाटी आठवली. तू बाईकवरून दाखवलीस ती, मी म्हणालो थांब, तू म्हणालास अरे उशीर होतोय. १९१४ ते १९१९, या गावातून एवढे लोक युद्धावर गेले, त्यातले एवढे मेले. बास. नाव एकही नाही, फक्त आकडे! असल्या पाट्या आपल्याकडे कितीतरी गावांत आहेत. आणि मराठा पलटणी तर कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या होत्या, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथल्याच बसराच्या युद्धस्मारकावरही तेच केलंय बघ, गोऱ्यांची नावं, आपल्या साध्या शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. इंडिया गेटवर तेरा हजारांहून जास्त नावं आहेत खरी, पण मेलेले सत्तर हजारांच्या वर.

मला राग आला की वाईट वाटलं, नीट सांगता येत नाही. पण मेल्समध्ये साध्या घरातल्या पोराचंही नाव दगडात आहे आणि आपल्या माणसाचं नाही, हे काही डोक्यातून जात नाहीये.

एक काम कर ना. दिवाळीत गावी जाशीलच, तेव्हा तुझ्या थोरल्या काकूला विचार, त्या आकड्यातली किती नावं अजून कुणाला आठवतात ते. चार-पाच तरी निघतील. आणि पाटीचा फोटो पाठव, वर चुना लागला असेल तर आधी ओल्या फडक्याने पुसून घे.

तुझाच,
पक्या