कुणी न उचललेली पोरं

पिट्सबर्ग,
रविवार, १५ डिसेंबर २०२४

प्रिय सुन्या,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. मागे स्टेडियमवर पोरांचा गलका, आणि बोलता बोलता मध्येच तू कुणावर तरी "पाय टाक पुढं!" म्हणून ओरडतोयस. एवढ्यानंच कराडला आल्यासारखं वाटलं. पण शेवटी तू म्हणालास ते डोक्यातून जाईना. "चांगली पोरं पुण्याला जातात रे. उरलेल्यांतनं टीम करायची, तर बघायचं काय?" आणि उंडाळ्याच्या त्या कीपर पोराचं. हात लोण्यासारखे, पण बॅटिंग येत नाही म्हणून कमिटी त्याला काढा म्हणतेय.

याला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं बरं नव्हे, म्हणून लिहायला बसलो. गेली वीस वर्षं मी नेमक्या याच प्रश्नाशी झगडणाऱ्या एका टीमच्या मागे आहे, हे तुला माहीत आहेच. आमचे पायरेट्स, इथली बेसबॉल टीम.

सध्या इथे बेसबॉल बंद आहे. सीझन ऑक्टोबरअखेर संपतो, मग फेब्रुवारीपर्यंत नुसता खेळाडूंचा बाजार. गेल्या रविवारी रात्री बातमी आली की हुआन सोटोला न्यूयॉर्क मेट्सनं १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर कबूल केले. आयपीएलच्या लिलावात पंतचे २७ कोटी रुपये ऐकून तुम्ही तोंडात बोट घातलं होतंत ना, तसंच इथे झालं. आमची टीम त्या दुकानात पाऊलसुद्धा ठेवू शकत नाही. पॉल स्कीन्ससारखा पिचर, म्हणजे आपल्याकडचा बोलर, आमच्याकडे आहे, नॅशनल लीगचा यंदाचा सर्वोत्तम नवोदित ठरला तो, पण २०१५ नंतर प्लेऑफचं तोंड आम्ही पाहिलेलं नाही. त्यामुळे डिसेंबर आला की मी मोठ्या नावांच्या बातम्या वाचतच नाही. खालच्या ओळींत कुणाकुणाला सोडलं, ते वाचतो.

या मंगळवारी रात्री अशीच एक ओळ आली. स्पेन्सर हॉर्विट्झ. टोरंटोनं त्याला क्लीव्हलँडला दिला आणि क्लीव्हलँडनं त्याच दिवशी आम्हाला. लुईस ऑर्टिझ नावाचा चांगला पिचर आणि खालच्या लीगमधली दोन पोरं त्याच्यासाठी मोजावी लागली, म्हणून इथले बरेच जण नाराज आहेत. हॉर्विट्झ २०१९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात त्यात, २४व्या फेरीत निवडला गेला होता. आता ड्राफ्ट २० फेऱ्यांचाच असतो, म्हणजे तो आज कॉलेजातून निघाला असता तर त्याचं नाव पुकारलंच गेलं नसतं. तो फर्स्ट बेसला खेळतो. त्या जागेवर लांब लांब होम रन, आपल्या षटकारासारखे, मारणारा धिप्पाड गडी लागतो अशी समजूत आहे, आणि हा तसा नाही. पण यंदा टोरंटोकडून ९७ सामन्यांत त्यानं डोळ्यांनी खेळ केला. बाहेरचा चेंडू सोडायचा, चार चेंडू बाहेर गेले की फुकट बेस मिळतो, तो वॉक घ्यायचा, बेसवर पोचायचं. आमच्या टीमला नेमकी त्याचीच भूक आहे. चालेल की नाही, पुढच्या उन्हाळ्यात कळेल. मला तो आवडलाय.

पण तुला सांगायचं आहे ते २०१२च्या हिवाळ्याचं.

मी २००४ला इथे आलो तेव्हा पायरेट्स अकरा वर्षं सलग हरत होते. जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले जास्त, असं १९९३ पासून २०१२ पर्यंत, वीस सीझन. मैदान मात्र देखणं. नदीच्या काठावर, पलीकडे शहराच्या इमारती, आणि चालत जायला रॉबर्टो क्लेमेंटेच्या नावाचा पिवळा पूल. तिथून थोडं खाली अलेगेनी आणि मोनोंगाहेला भेटतात आणि ओहायो होते. तिथे उभं राहिलं की मला दरवेळी प्रीतिसंगम आठवतो, हे तुला मागेही लिहिलं होतं.

त्या हिवाळ्यात आमच्या लोकांनी तिघांना घेतलं, आणि तिन्ही वेळा गावानं कपाळाला हात लावला.

पहिला रसेल मार्टिन, कॅचर, म्हणजे आपल्याकडचा कीपरच समज. यँकीजकडे असताना २०१२त त्याची सरासरी होती ०.२११. बेसबॉलमध्ये ही फार वाईट. यँकीजनं त्याला जाऊ दिलं. आम्ही त्याला दोन वर्षांचे १ कोटी ७० लाख डॉलर दिले. एरवी चार आणे सुटताना विचार करणारा आमचा क्लब, आणि पैसे ओतले ते बॅट न चालणाऱ्या माणसावर! आता बघ त्यांनी काय पाहिलं. बेसबॉलमध्ये स्टंप नसतात. बॅट्समननं न खेळलेला प्रत्येक चेंडू 'स्ट्राइक' की 'बॉल' हे मागे उभा असलेला अंपायर डोळ्यांनी ठरवतो. कडेवरचा चेंडू कॅचरनं मनगट न हलवता अलगद घेतला, तर अंपायरला तो आतला वाटतो आणि हात वर जातो. तोच चेंडू झटक्यानं बाहेर ओढला गेला, तर वाया. एका सामन्यात कॅचरच्या हातात असे कितीतरी चेंडू येतात. पूर्वी हे कौशल्य लोकांना जाणवायचं, पण मोजता येत नव्हतं. २००८च्या सुमारास सगळ्या मैदानांवर चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे आले, आणि कुणाच्या हातांमुळे किती स्ट्राइक जास्त मिळाले याचा हिशेब मांडता येऊ लागला. त्या हिशेबात मार्टिन पहिल्या रांगेत होता. त्याचे हात प्रत्येक पिचरला चांगला करत होते, आणि धावफलकावर याची नोंदच नव्हती.

सुन्या, तुझा उंडाळ्याचा पोरगा डोळ्यांसमोर ठेवूनच हे लिहितोय.

दुसरा फ्रान्सिस्को लिरियानो, डावखुरा पिचर. २०१२त नऊ इनिंगमागे पाचाहून जास्त रन दिलेले, नेमकं सांगायचं तर ५.३४. चेंडू कुठे पडेल याचा भरवसा नाही. त्यात करार ठरला आणि नाताळात घरी त्याचा हात मोडला. फेकण्याचा नव्हे, दुसरा. दुसऱ्या कुठल्या टीमनं सोडून दिला असता. आमच्या लोकांनी करार नव्यानं लिहिला, कमी खात्रीच्या पैशांचा, आणि मे महिन्यापर्यंत थांबले. त्यांचं म्हणणं एवढंच की या माणसाचा स्लायडर, म्हणजे शेवटी वळणारा चेंडू, अजून कुणाला खेळता येत नाही, बाकीचं दुरुस्त करता येईल. दुरुस्त करायला रे सीरेज नावाचा पिचिंग कोच होता आणि समोर मार्टिनचे हात होते. २०१३त १६ विजय, आणि ५.३४चे ३.०२.

तिसरा मार्क मेलॅन्सन. बोस्टननं आमचा नावाजलेला क्लोझर, म्हणजे सामना संपवायला येणारा पिचर, जोएल हॅनरहान नेला आणि बदल्यात जी माणसं दिली त्यांत हा. लिरियानोच्या ५.३४सारखा याचा आकडा ६.२०. मी स्वतः त्या दिवशी चिडलो होतो. पण तो ६.२० उघडून बघ. सीझनच्या सुरुवातीच्या चार सामन्यांत, मिळून दोन इनिंगमध्ये, त्यानं ११ रन दिले होते. उरलेल्या ४३ इनिंगमध्ये तो बऱ्यापैकी होता. एप्रिलच्या दोन आठवड्यांनी त्याचं अख्खं वर्ष काळं केलं आणि पाहणाऱ्यांनी शेवटचा आकडा तेवढा वाचला. पायरेट्सकडे आल्यावर २०१३त त्याचा आकडा होता १.३९. हॅनरहानच्या कोपरावर मे महिन्यातच शस्त्रक्रिया झाली.

१ ऑक्टोबर २०१३ची रात्र. सिनसिनाटीविरुद्ध एकच सामना, हरला तो घरी. ४०,४८७ माणसं, बहुतेक सगळी काळ्या कपड्यांत, त्यांत मी. वीस वर्षांचा घसा मोकळा होत होता. समोरचा पिचर क्वेटो, त्याच्या नावाचा सूर लावून अख्खं मैदान ओरडत होतं. त्याच्या हातून चेंडू सुटून जमिनीवर पडला, गर्जना झाली, आणि पुढच्याच चेंडूवर मार्टिननं होम रन मारला. बॅट येत नाही म्हणून सोडलेला मार्टिन! त्या रात्री त्यानं दोन मारले. लिरियानोनं सात इनिंगमध्ये एक रन दिला. आम्ही ६-२ जिंकलो. माझ्या शेजारचे आजोबा, त्यांची नि माझी ओळख नाही, माझा खांदा धरून रडत होते. पुढच्या फेरीत सेंट लुईसनं आम्हाला बाहेर काढलं. त्याचं दुःख झालं, पण ती रात्र कुणी काढून घेऊ शकलं नाही.

आपला अजिंक्य रहाणे आठवून बघ. २०२२च्या डिसेंबरात चेन्नईनं ५० लाखांना, मूळ किमतीला घेतला तेव्हा लोक म्हणाले, हा टी-ट्वेंटीत काय करणार? वानखेडेवर मुंबईविरुद्ध २७ चेंडूंत ६१. त्याचं तंत्र होतं तेच होतं, चेन्नईनं त्याला मोकळा खेळ म्हणून सांगितलं. यंदाही पहिल्या फेरीत त्याला कुणी घेतलं नाही, मग कोलकात्यानं घेतला.

या शहराला असं बघायची जुनी सवय आहे. क्लेमेंटेच घे. ब्रुकलिन डॉजर्सनं त्याला मॉन्ट्रियलच्या खालच्या टीममध्ये ठेवला होता, फारसा खेळवतही नव्हते. पायरेट्सचा माणूस दुसऱ्याच एका पिचरला बघायला गेला आणि त्याची नजर सरावात थ्रो करणाऱ्या या पोराच्या हातावर खिळली. नोव्हेंबर १९५४, किंमत ४,००० डॉलर. नंतर ३,००० हिट्स, दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम विजेतेपदं, आणि ३१ डिसेंबर १९७२ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला. आमच्या मैदानाची उजवीकडची भिंत २१ फुटांची आहे, त्याच्या शर्टाचा आकडा २१ म्हणून.

क्लेमेंटेला ज्यातून उचलला तो 'रूल फाइव्ह' ड्राफ्ट अजून होतो. दुसऱ्याच्या खालच्या लीगमध्ये अडकलेला, मुख्य चाळीसांच्या यादीत न घेतलेला खेळाडू १ लाख डॉलर देऊन उचलता येतो. अट एकच, पुढचं पूर्ण वर्ष त्याला मोठ्या टीममध्ये ठेवायचा, नाहीतर परत द्यायचा. मला ही अट फार आवडते. नुसतं निवडून भागत नाही, वर्षभर पाठीशी उभं राहावं लागतं. या बुधवारी पहिला नंबर शिकागो व्हाइट सॉक्सचा होता, यंदा १२१ सामने हरलेल्या टीमचा. त्यांनी मिलवॉकीचा शेन स्मिथ उचलला. त्या पिचरला कॉलेजनंतर ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. त्याच्यावर नजर ठेव असं मी इथल्या दोघा-तिघांना सांगून ठेवलंय.

आणि केंट टेकल्वी. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगताना बाळ्या आठवतो. टेकल्वी किडकिडीत, चष्मा लावलेला, हात जमिनीजवळून फिरवून चेंडू टाकायचा. ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही. १९६९मध्ये इथल्या जुन्या मैदानावर चाचणीला आला आणि पायरेट्सनं ठेवून घेतला. १९७९च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तीन सामने त्यानं संपवले. बाळ्याचा हातही असाच कमरेजवळून यायचा ना रे? आपल्या गल्लीत त्याला कुणी खेळू शकत नव्हतं. जिल्ह्याच्या चाचणीला त्यानं सहा चेंडू टाकले, तीन दांड्या उडवल्या, आणि निवडणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "ही काय बॉलिंग झाली?" परतीच्या एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्यानंतर चेंडू हातात धरला नाही त्यानं. मला तेव्हा बोलायला हवं होतं. मी पंधरा वर्षांचा होतो, बोललो नाही.

प्रत्येक निवड फळते असं नाही. २००८मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेक्यांना पायरेट्सनं करार दिला होता, तू पेपरातलं कात्रण पाठवलं होतंस. दोघंही वरपर्यंत पोचले नाहीत. आणि त्याच वर्षी आम्ही होझे बौटिस्टाला एका राखीव कॅचरच्या बदल्यात टोरंटोला देऊन टाकलं. तिथे त्याला बॅट थोडी आधी निघू दे म्हणून सांगितलं, आणि २०१०मध्ये त्यानं ५४ होम रन मारले. आमच्याकडे तो चार वर्षं डोळ्यांसमोर होता.

म्हणून माझं ऐक. कमिटीसमोर जाताना एक वही घेऊन जा. पुढच्या पाच सामन्यांत त्या पोरानं किती बाय वाचवले, किती कॅच घेतले, लेगला जाणारे किती चेंडू अडवले ते लिही. तो मागे असताना स्पिनर चेंडू उंच टाकायला धजतात का, हे स्पिनरांनाच विचार आणि तेही लिही. मग दुसरा कीपर बॅटनं जास्तीच्या किती धावा काढतो ते शेजारी मांड. आकडा त्याच्या विरुद्ध गेला तर मीही गप्प बसेन. पण मांडल्याशिवाय काढू देऊ नकोस. आणि घेतलास तर वर्षभर ठेव, दोन सामन्यांत हलवू नकोस. नवव्या नंबरवर खेळू दे, संध्याकाळी अर्धा तास थ्रो-डाउन दे.

जानेवारीत माझा मावसभाऊ येतोय तिकडे. त्याच्याबरोबर कीपिंगचे ग्लोव्ह्ज पाठवायचे म्हणतोय. इथे क्रिकेटचं सामान मागवता येतं, फक्त माप लागेल. पोराला कागदावर पंजा ठेवायला सांग, पेन्सिलनं कडेनं आख, आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो काढ. दोन्ही हातांचा. आणि त्याचं नाव काय, ते तू सांगितलंच नाहीस.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आठवण.

तुझा,
मक्या