धारण तलावांची खोली जाहीर करा

महोदय,

नवी मुंबईत पाणी तुंबले की ‘नियोजित शहरात असे कसे?’ हा प्रश्न हटकून विचारला जातो. मात्र ज्या नियोजनामुळे एरवी पाणी तुंबत नाही, त्याची आठवण कोणी काढत नाही. 1970 साली स्थापन झालेल्या सिडको या शासकीय नगरविकास महामंडळाने वाशी, बेलापूरसारखे नोड (उपनगरे) वसवताना खाडीकाठची सखल, दलदलीची जमीन वापरात आणली. तिचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्याने हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव बांधण्यात आले. भरतीच्या वेळी तलावाच्या मुखाशी असलेल्या झडपा खाडीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, तोवर नाल्यांतून येणारे पावसाचे पाणी तलाव पोटात घेतो, आणि ओहोटी लागली की तेच पाणी झडपा ढकलून खाडीत जाते. या व्यवस्थेला मुळात लागते ती तलावातली रिकामी जागा.

नेमकी तीच आता उरलेली नाही. आमच्या भागातील तलावात ओहोटीच्या वेळी बगळे थेट मध्यभागी उभे असतात आणि पाणी त्यांच्या गुडघ्यालाही लागत नाही. मुखाशी प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या आणि थर्माकोल अडकल्याने झडप पूर्ण मिटत नाही, त्यामुळे जे पाणी बाहेर थोपवायचे तेच आत शिरते. काठावर मात्र नवे पेव्हर ब्लॉक आणि नवे दिवे बसत राहतात. (सकाळी फेऱ्या मारणाऱ्या आम्हा मंडळींनाही हा शोभेचाच तलाव वाटतो, तक्रार होते ती फक्त वासाची.)

तलावातला गाळ काढण्याचा विषय निघाला की तिथे वाढलेल्या कांदळवनाचे कारण पुढे केले जाते. ते खोटे नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाच्या परवानगीशिवाय कांदळवन तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु गाळ वेळच्या वेळी उपसला असता, तर तलावात ही झाडे रुजलीच नसती. शिवाय झडपांची दुरुस्ती आणि मुखाशी अडकलेला कचरा काढणे यासाठी एकही झाड तोडावे लागत नाही. ती कामे कशासाठी अडली आहेत?

पावसाळ्यापूर्वी नालेसफाईचे टक्के जाहीर होतात. त्यासोबत प्रत्येक धारण तलावाची मूळ खोली, प्रत्यक्ष मोजलेली खोली आणि झडपांची स्थितीही प्रसिद्ध व्हावी. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस व वेळा अगोदरच ठाऊक असतात. त्या दिवशी मुसळधार पाऊस झाल्यास कोणत्या सेक्टरला धोका आहे हे आधी कळले, तर तळमजल्यावरचे दुकानदार माल उचलून ठेवतील आणि रहिवासी गाड्या हलवतील. ही मोजमापे संबंधित यंत्रणेकडे असतील तर ती जाहीर करावीत. नसतील तर मेअखेरपर्यंत घ्यावीत.

– एक रहिवासी, वाशी, नवी मुंबई