साडेसात तास

नाशिक,
दि. १८ सप्टेंबर २०२४

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल अनंत चतुर्दशी झाली आणि घर एकदम रिकामे झाले. तू तर गौरी उठायच्या आधीच, पहाटेच्या गाडीने, चहासुद्धा न घेता निघून गेलीस. त्यानंतर मी तीनदा फोन हातात घेतला आणि तिन्ही वेळा खाली ठेवला, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि जे सांगायचे ते बाजूला राहून भलतेच बोलले जाते. म्हणून लिहायला बसलो आहे. डोळ्यांचा विषय या पत्रात काढायचा नाही, असे तुझ्या आईने बजावले आहे आणि मी ते मान्यही केले आहे.

गौरीपूजनाच्या दिवशी पहाटे पाच वाजता मी उठलो, तेव्हा माईच्या खोलीच्या दाराखालून उजेड येत होता. आत पाहिले तर तू टेबलावर हाताची उशी करून झोपली होतीस, चष्मा तसाच नाकावर होता आणि संगणकाच्या पडद्याचा पांढरा प्रकाश थेट तुझ्या तोंडावर पडला होता. मला काही सुचले नाही आणि मी भिंतीवरचे बटण बंद केले. तू दचकून उठलीस आणि जे बोललीस, ते मी तेव्हा उद्धटपणाचे धरले. परवा आदित्य आला होता, त्याने मला कागदावर गणित मांडून दाखवले. मंगळागौरीच्या खेळांचा तुझा तीन मिनिटे वीस सेकंदांचा व्हिडिओ, सेकंदाला ३० चित्रे, म्हणजे एकूण ६००० चित्रे. तू लावलेल्या छायाप्रकाशासह एकेक चित्र तयार व्हायला पाच सेकंद, म्हणजे सव्वाआठ तासांहून अधिक. तू रात्री साडेनऊला ते लावले होतेस आणि मी साडेसात तासांनी, सारे संपायला तासभरही उरला नसताना, बटण बंद केले. अर्धवट राहिलेली ती फाइल उघडतच नाही, आणि एमएमडी, म्हणजे पडद्यावरच्या बाहुल्या नाचवायची तुझी ती आज्ञावली, आपण होऊन काही जपून ठेवत नसल्यामुळे आदल्या संध्याकाळनंतर तू शेवटच्या फुगडीसाठी बसवलेला कॅमेरा आणि दिवेही गेले, असे आदित्यने सांगितले. मृणाल, माझी चूक झाली. हे मी त्याच दिवशी म्हणायला हवे होते.

तू रागावून गेलीस याचे मला फारसे काही नाही, रागावणे रास्तच होते. पण शशांकच्या गाडीत जपून घालून आणलेला तो संगणक तू इथेच सोडून गेलीस, हे मात्र मनाला लागले आहे. रोज सकाळी त्या खोलीत जातो, त्यावरचे फडके सारखे करतो आणि परत येतो. तू हे काम टाकून तर दिले नाहीस ना?

तुला वाटते की बाबांना यातले काही कळत नाही. पहिल्यांदा खरोखरच कळले नव्हते. निळ्या केसांची ती जपानी मुलगी, जी प्रत्यक्षात कोणी नाही, केवळ गाणे म्हणणाऱ्या एका आज्ञावलीचे चित्र आहे, तिच्यासाठी शिकलेल्या मुलीने रात्री का घालवाव्यात, असे मी कुंदाआत्याजवळ बोललो होतो आणि ते तुझ्या कानावर गेले होते. मग तूच मला तिच्याविषयी सांगितलेस. ३१ ऑगस्ट २००७ रोजी सप्पोरो येथील क्रिप्टन या कंपनीने हात्सुने मिकू हा आवाज विक्रीस आणला. तिच्या नावात ‘पहिला ध्वनी’ आणि ‘भविष्य’ असे दोन्ही अर्थ आहेत. आणि पुढच्याच वर्षी एका जपानी गृहस्थाने तिला नाचवता यावे म्हणून एमएमडी तयार करून ते लोकांना फुकट देऊन टाकले. पैसे कमवायचे नसतील तर तिची चित्रे आणि चलच्चित्रे कोणीही करावीत, अशी कंपनीनेच मुभा दिली आहे, हेही तूच सांगितलेस. यातून मिळकत काय, हा माझा ठरलेला प्रश्न तेव्हापासून मी विचारलेला नाही, एवढे तरी तू मान्य करशील.

खरे म्हणजे मला जाग आली ती ‘ळ’मुळे. एकतीस वर्षे मुद्रितशोधन केलेल्या माणसाला ‘मंगरागौर’ कशी ऐकवेल? तू मला हौसेने ते गाणे ऐकवलेस आणि मी पहिले वाक्य बोललो ते, ‘यात ळ कुठे आहे?’ तुझा चेहरा पडला. मिकूचा आवाज जपानी अक्षरांसाठी घडवलेला, त्यात ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, आणि ‘खेळ’ या शब्दातच ‘ळ’ असल्यामुळे सगळेच अडते, असे तू सांगितलेस. त्या एका अक्षरासाठी तू दीड महिना झटत होतीस, ‘र’ आणि ‘ल’ यांचे बारीक तुकडे जोडून पाहत होतीस, हे मला त्यानंतर कळले. शेवटी मुख्य ओळी आईने म्हणायच्या आणि मिकूने फक्त मागून साथ करायची, असे तू ठरवलेस. स्वयंपाकघराचे दार लावून, पंखा बंद करून, घामाघूम होऊन तुझी आई बारा वेळा तेच कडवे गायली. तो आवाज गच्चीवरच्या दोरीवर कपडे वाळत घालताना मी पस्तीस वर्षे ऐकत आलो होतो, पण त्या दिवशी प्रथमच नीट ऐकला.

नऊवारीचे तर विचारूच नये. परकर झुलवणे एक वेळ सोपे, पण काष्टा पायाबरोबर वळला पाहिजे, मांडीतून आरपार जाता कामा नये आणि पदर खोचलेला असूनही जिवंत दिसला पाहिजे, यासाठी तू चार महिने दिलेस. एकदा पाहिले तर पहिल्याच चित्रात मिकूचे केस आणि पदर स्फोट झाल्यासारखे चहूकडे उडाले होते. त्यावर, नाच सुरू होण्यापूर्वी थोडी कोरी चित्रे सोडून कापड आणि केस स्थिरावू द्यायचे असतात, हा उपाय तू मला शांतपणे समजावून सांगितलास. फुगडीत दोघींचे हात धरलेले राहीनात, ते तर सर्वांत कठीण होते. एकीचा हात तू ज्या जागी ठेवलास, तिथून दुसरी फिरताना अर्धी वीत सरकायची, आणि तू एकेक चित्र पुढे नेऊन मनगट, कोपर, खांदा पुन्हा बसवायचीस. चुकले तर सगळ्यांना दिसते आणि बरोबर आले तर कोणाचे लक्षही जात नाही, असे हे काम आहे. मी आयुष्यभर तेच काम केले, त्यामुळे याबद्दल मला तुझा जो अभिमान वाटतो तो इतर बापांपेक्षा थोडा निराळा आहे.

आणि आईने ती फुगडी पाहिली तो क्षण तू विसरू नयेस. सुषमाच्या मंगळागौरीच्या कॅसेटवरून तू सगळे बसवले होतेस. आई पडद्यापाशी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, ‘दोघींच्या पायांची बोटे एकमेकींना लागलेली हवीत, आणि भार मागे. पुढे झुकून फुगडी होत नाही, पडायला होते.’ तू तिथल्या तिथे दोघींना मागे झुकवलेस आणि फुगडी एकदम खरी झाली. गुडघ्यांमुळे तुझी आई सहा वर्षांत एकदाही फुगडी खेळलेली नाही. ती काही न बोलता बराच वेळ पाहत राहिली, आणि मग उठून तिने तुला साखरभात केला.

गेल्या वर्षीचा तो चाळीस सेकंदांचा झिम्मा २११ जणांनी पाहिला, तेव्हा ‘एवढ्या जागरणाला एवढेच?’ असे मी म्हणालो होतो. ते वाक्य मी परत घेतो. जपानमधल्या कोणीतरी तुला विचारले होते की या टाळ्यांची लय कशी मोजतात, आणि तू दोन तास बसून त्याला उत्तर लिहिले होतेस. शेवटच्या श्रेयनामावलीत मॉडेल करणारा, मंच करणारा, प्रकाशाची सामग्री करणारा अशी चौतीस नावे तू घातलीस. त्यांच्या अटींचे जपानी कागद आपल्या संगणकावर अगम्य चिन्हांसारखे उमटत असताना एकेक उलगडून वाचलेस. त्या यादीचे प्रूफ मी वाचले होते. एकही चूक सापडली नाही, हे तुला तेव्हा सांगायचे राहिले.

तुला आठवते का, तू नऊ वर्षांची असताना छापखान्यातून मी आणलेल्या रद्दी प्रुफांच्या कोपऱ्यांवर चिमणी काढायचीस? पन्नास-साठ पाने झाली की ती फर्रकन सोडायची आणि चिमणी उडायची. ते चोपडे घेऊन तू अण्णांकडे गेलीस. अण्णांना तोपर्यंत समोरचे थोडेसे दिसत असे, पण कडेचे सारे गेले होते, त्यामुळे तुझी चिमणी त्यांना सापडेना. त्यांनी ते पुन्हा पुन्हा सोडायला लावले आणि कानाशी धरून म्हणाले, ‘उडाली गं.’ मी दारात उभा होतो.

पाहा, पुन्हा तिकडेच आलो. आता आलोच आहे तर लिहून टाकतो. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही, आणि गेलेली नजर कोणत्याही औषधाने परत येत नाही. अण्णांना होता, मला आहे, आणि जवळच्या नात्यात असला की धोका वाढतो. तू सव्वीस वर्षांची आहेस आणि चष्म्याचा नंबर सोडून तू डोळ्यांतील दाब, नस आणि कडेची नजर यांची तपासणी एकदाही करून घेतलेली नाहीस. दिवसभर कार्यालयात पडदा, रात्री पुन्हा पडदा, जेवण वेळेवर नाही, झोप चार तासांची. हे असे किती दिवस चालवायचे असे तू ठरवले आहेस? माणसाने आपल्या शरीराचा काही हिशेब ठेवायला नको का?

वरची चार वाक्ये खोडायची होती, पण पूर्ण पान पुन्हा लिहावे लागेल म्हणून राहू देतो. क्षमा कर. खरे तेही सांगतो: संगणकामुळे काचबिंदू होत नाही, असे माझ्या डॉक्टरांनी मला दोनदा स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे त्या पहाटे बटण बंद करून मी तुझे कसलेही रक्षण केले नाही. मला भीती तुझ्या पडद्याची नसून, जे माझ्याकडून तुझ्याकडे आले असेल त्याची होती, आणि तिचा राग मी तुझ्या कामावर काढला. तुझी आई मला म्हणाली, ‘मंगळागौरीला आम्ही रात्रभर जागायचो, तेव्हा तुम्ही कधी दिवा मालवायला आला नाहीत.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

लहानपणी तुला पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात नेत असे, तेव्हा तुला कारंज्यांत जास्त रस होता. दादासाहेबांचे मला पहिल्यापासून अप्रूप, कारण तेही मूळचे छापखान्याचे आणि जन्म आपल्याच त्र्यंबकेश्वरचा. भांडवल देणाऱ्यांना पटावे म्हणून त्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढताना महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर ते जेमतेम मिनिटभर चालले. पुढे त्यांनी आगकाड्यांनाही एकेक चित्र घेऊन हलवले. सरस्वतीबाई दिवसभर घरचे पाहून रात्री फिल्मला भोके पाडायला बसत. हे मी तुला पुष्कळदा सांगितले आहे. जे सांगायचे टाळत आलो ते असे की, त्याच्या आधी रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि झोप मोडून त्यांची दृष्टी गेली होती, आणि उपचारांनी ती परत आली म्हणून पुढचे सारे घडले. सांगितले असते तर तू म्हणाली असतीस की बाबांनी पुन्हा डोळे काढले. पण दृष्टी आल्यावर त्यांनी कॅमेरा सोडला नाही, हाही त्याच गोष्टीचा भाग आहे आणि तो मी माझ्या सोयीसाठी गाळत आलो.

आता कामाचे. आदित्यला बरोबर घेऊन मी एक यूपीएस आणला आहे. वीज गेली तर त्यावर पंधरा मिनिटे मिळतात, तेवढ्यात काम जपून ठेवता येते, असे तो म्हणाला. भिंतीवरच्या बटणावर मी माझ्या अक्षरात ‘काम चालू आहे, बंद करू नये’ अशी पट्टी चिकटवली आहे. दहा तारखेच्या संध्याकाळपर्यंतचे सगळे शाबूत आहे, आदित्यने उघडून पाहिले. गौरी गेल्या, आता कशाला, असे मनात आणू नकोस. मंगळागौर पुढच्या श्रावणातही येईल आणि तुझा व्हिडिओ पितृपक्षात संपला तरी आम्हाला चालेल.

५ ऑक्टोबरला शनिवारी माझी नेहमीची तपासणी आहे. मी दोन नावे दिली आहेत. तू यावेस म्हणून संगणक अडकवून ठेवलेला नाही. शशांक येत्या रविवारी पुण्याला निघाला आहे, हवा असेल तर त्याच्याबरोबर पाठवतो. कळव.

तुझा,
बाबा

ता. क. पत्र आईने वाचले आणि डोळ्यांवरून मला बोलणी बसली. तिचा निरोप: दुसऱ्या फुगडीत डावीकडच्या मुलीचा अंबाडा सुटतो आहे, आणि झिम्म्याच्या शेवटच्या टाळीला तू दोघींच्या बांगड्यांचा आवाज घातलेला नाहीस. तो ती पाटल्या घालून देईल, पण दुपारी चारनंतर ये, तोवर शेजारी बांधकाम चालू असते.